समुपदेशनातला ‘उपदेश’ आधी बाहेर काढा

मागच्या महिन्यात एका शिक्षणसंस्थेतून फोन आला. “मॅडम, आम्हाला कौन्सेलर पाहिजे. कोर्टाने कंपल्सरी केलंय ना आता.” संस्थेचं नाव सांगणार नाही, कमेंटमध्ये विचारूही नका. हे एका संस्थेबद्दल नाहीच. वर्षभरात असे तीन फोन आले आणि तिन्ही ठिकाणी बोलणं थोड्याफार फरकाने हेच झालं.

तर मी गेले. मुलं अकराशेच्या वर. मला आठवड्यातून तीन दिवस, तासिका तत्त्वावर. बसायची जागा म्हणजे खेळाच्या सामानाच्या खोलीत मारलेलं अर्धं पार्टिशन, पलीकडे पीटीचे सर. एखादे शिक्षक रजेवर असले की त्यांचा तास मी घ्यायचा, परीक्षेत पर्यवेक्षणही करायचं. आणि दर शुक्रवारी मुख्याध्यापकांना रिपोर्ट द्यायचा. कोण आलं, कशासाठी आलं, काय बोललं, ‘सुधारणा’ किती झाली.

मी दोनच गोष्टी विचारल्या. दार लावता येईल अशी खोली मिळेल का? आणि रिपोर्टमध्ये मुलांची नावं नसली तर चालेल का?

साहेब हसले. “मॅडम, नावंच नसतील तर आम्हाला कळणार कसं कोण बिघडलंय ते? आणि तुमचं काम तरी काय, पोरांना चार गोष्टी समजावून सांगायच्या.”

मी म्हटलं, “सर, माझं काम आधी ऐकून घ्यायचं आहे.”

ते शेजारी बसलेल्या क्लार्ककडे बघून म्हणाले, “म्हणजे नुसतं ऐकायचे पैसे.”

क्लार्क हसला. मीही सवयीने हसले, चहा संपवला आणि आले. पद घेतलं नाही. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. पंधरा वर्षं हे काम करतेय, आणि तेव्हा त्यांना नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून आज इथे देते. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगते.

पहिल्यांदा कोर्टाने नेमकं काय सांगितलंय ते बघू, कारण सगळे जण फक्त ‘कंपल्सरी’ एवढंच वाचतायत. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका १७ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. त्याचा निकाल २५ जुलै २०२५ ला लागला. कोर्टाने देशभरातल्या शिक्षणसंस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली आणि कायदा होईपर्यंत ती बंधनकारक राहतील असं सांगितलं. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा, हे त्यातलंच. पण त्याच निकालात असंही आहे की मुलांच्या संख्येच्या मानाने समुपदेशक पुरेसे हवेत, आणि परीक्षेच्या काळात छोट्या गटांना मिळणारा आधार सातत्याचा, अनौपचारिक आणि गोपनीय हवा. गोपनीय! हा शब्द मी माझ्या पदरचा घातलेला नाही. मार्कांवरून तुकड्या पाडू नका, मुलांना चारचौघांत लाजवू नका, हेही त्यातच आहे. वसतिगृहांतल्या पंख्यांबद्दलसुद्धा आहे.

संस्थांनी यातलं काय उचललं? पंखे आणि पद. दोन्हींचं बिल दाखवता येतं. तपासणी आली की भिंतीवरचं अग्निशामक नळकांडं दाखवतात, तसा समुपदेशक दाखवायचा. नळकांड्यात काही आहे का, हे आग लागल्याशिवाय कोण बघतंय?

आणि आग लागलेली आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे त्या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. राज्यांच्या यादीत महाराष्ट्र पहिला. याच अहवालात परीक्षेतलं अपयश हे कारण २,२४८ आत्महत्यांपुढे लिहिलेलं आहे. म्हणजे आपण समजतो तसं सगळं मार्कांपाशी सुरू होऊन मार्कांपाशी संपत नाही. बाकीच्या मुलांच्या मनात काय होतं? ते कळायचा एकच मार्ग होता. वेळेवर कुणीतरी ऐकून घ्यायला हवं होतं.

आता या शब्दाकडेच बघा. समुपदेशन. कौन्सेलिंगला प्रतिशब्द शोधताना कुणीतरी हा घडवला आणि आपण स्वीकारला. त्याच्या पोटात ‘उपदेश’ बसलाय, आणि माझ्या धंद्याचं निम्मं वाटोळं त्या शब्दानेच केलंय. लोकांना वाटतं उपदेश घरी दिला तर फुकट, खुर्चीवर बसून दिला तर फी. नवराबायकोला ‘समज द्यायला’ समुपदेशक. मुलगी जातीबाहेर लग्न करायचं म्हणते, तिला ‘वळवायला’ समुपदेशक. मुलगा मोबाइल सोडत नाही, त्याला ‘दोन शब्द सुनवायला’ समुपदेशक. माझ्याकडे येणाऱ्या दहा पालकांतले सात-आठ दारातूनच सांगतात, “तुम्ही जरा समजावा, आमचं ऐकत नाही तो.”

माझा साधा प्रश्न आहे. आपल्याकडे उपदेशाची टंचाई कधी होती? आजोबा देतात, काका देतात, क्लासचे सर देतात, शेजारच्या काकू जिन्यात थांबवून देतात, व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळी सहाला सुविचार येऊन पडतो. माझ्यासमोर बसलेल्या मुलाने ‘अभ्यास कर, पुढे पस्तावशील’ हे वाक्य शंभर वेळा ऐकलेलं असतं. सल्ला मिळाला नाही म्हणून आजवर माझ्याकडे एकही जण आलेला नाही. सल्ले ऐकून ऐकून गुदमरलेले मात्र पुष्कळ आले.

कार्ल रॉजर्स नावाचा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होता (१९०२ ते १९८७). ‘व्यक्तिकेंद्री’ म्हणतात ती पद्धत त्याची. त्याने स्वतःच एक अनुभव लिहून ठेवलाय. तरुणपणी तो न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात मुलांसाठीच्या केंद्रात काम करायचा. एक बाई यायच्या, त्यांचा मुलगा फार व्रात्य होता. आईने मुलाला लहानपणी झिडकारलं हे मूळ आहे, असं निदान याने करून ठेवलेलं. आता हे त्या बाईंच्या गळी उतरवायचं होतं. अनेक भेटी झाल्या, गाडी जागची हलेना. शेवटी याने हात टेकले. म्हणाला, आपण दोघांनी प्रयत्न केला, जमलं नाही, थांबूया. त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या, वळल्या आणि विचारलं की तुम्ही इथे मोठ्या माणसांनाही घेता का? तो हो म्हणाला. त्या परत येऊन बसल्या आणि आपल्या मोडत चाललेल्या संसाराबद्दल बोलायला लागल्या. आधीच्या भेटींत सांगितलेल्या मुद्देसूद ‘केस हिस्टरी’चा मागमूस नव्हता. जे दुखत होतं ते आता बाहेर येत होतं. रॉजर्स म्हणतो की काय दुखतंय आणि कुठल्या दिशेने जायचंय हे समोरच्या माणसालाच ठाऊक असतं, हे तिथे त्याच्या ध्यानात यायला लागलं.

या माणसाने ‘पेशंट’ऐवजी ‘क्लायंट’ शब्द रुजवला. नुसता फॅशनचा बदल नव्हता तो. पेशंट म्हटलं की मी जाणती आणि तू बिघडलेला. क्लायंट म्हटलं की तुझ्या आयुष्यातला तज्ज्ञ तूच, मी सोबतीला.

पुढे त्याने तीन गोष्टी मांडल्या. पहिली, समोरच्याचा विनाअट स्वीकार. दुसरी, समानुभूती, म्हणजे त्याच्या जागी जाऊन त्याला जग कसं दिसतंय ते बघणं, पण आपण त्यात बुडून न जाणं. तिसरी, सच्चेपणा. मनात एक आणि चेहऱ्यावर गोड हसू असं नाही. वाचायला सोप्या वाटतात, एम.ए.च्या परीक्षेत मी दहा मार्कांना लिहून आले होते. प्रत्यक्षात काय होतं ते सांगते.

माझं पहिलं वर्ष. एका ज्युनिअर कॉलेजात होते. बारावीची एक मुलगी आली. (तपशील बदलले आहेत, लिहायला तिची परवानगी घेतली आहे.) नीटची तयारी चाललेली, टेस्टमध्ये मार्क घसरत होते, झोप येत नव्हती. पाच मिनिटं बोलली असेल. मला वाटलं, कळलं मला. मी सुरू झाले. तुझे आईवडील तुझ्यासाठी किती कष्ट घेतायत, त्यांच्याकडे बघ, त्यांच्यासाठी तरी हिंमत धर. मग टाइमटेबल कसं करायचं ते सांगितलं, झोपण्याआधी दीर्घ श्वास घ्यायला सांगितले. चांगली चाळीस मिनिटं बोलले. ती मान हलवत होती. शेवटी म्हणाली, “हो मॅडम, बरोबर आहे तुमचं.” मी रजिस्टरमध्ये लिहिलं, ‘सत्र समाधानकारक’.

ती परत आली नाही. मला वाटलं, बरी झाली.

दोन वर्षांनी एसटी स्टँडवर भेटली. तिनेच हाक मारली. परीक्षा दिलीच नव्हती. वर्षभर घरी होती, मग दुसरीकडे अ‍ॅडमिशन घेतलं. गाडीला वेळ होता, बाकड्यावर बसलो. बोलता बोलता म्हणाली, “मॅडम, क्लासच्या फीसाठी पप्पांनी जमीन गहाण ठेवली होती. रात्री ते रडायचे, मला ऐकू यायचं. तेच सांगायला आले होते तुमच्याकडे. तुम्ही म्हणालात, त्यांच्या कष्टांकडे बघ. मॅडम, तेच तर झोपू देत नव्हतं.”

रागावून नाही बोलली. हसून बोलली. म्हणून जास्त लागलं.

तिच्या छातीवरचा दगड मी स्वतःच्या हाताने आणखी दाबला होता, आणि वर ‘समाधानकारक’ असा शेरा मारला होता. माझा हेतू चांगला होता. माया होती, कळकळ होती. पण त्या चाळीस मिनिटांत खोलीत मीच एकटी होते. ती होती कुठे? तेव्हापासून ‘हो मॅडम’ या दोन शब्दांची मला भीती वाटते. मूल फार लवकर ‘हो मॅडम’ म्हणायला लागलं की समजावं, आपण ऐकायचं बंद केलंय.

तेव्हा त्या साहेबांना माझं पहिलं उत्तर हे. नुसतं ऐकणं ‘नुसतं’ नसतं. चार गोष्टी सांगायला अक्कल लागत नाही, त्या मला बावीसाव्या वर्षीच येत होत्या. तोंड बंद ठेवायला शिकायला मला पुढची दहा वर्षं लागली.

आता शुक्रवारच्या रिपोर्टकडे येऊ.

माझ्याकडे कुणीही पहिल्यांदा आलं की मी सांगते, “तू इथे बोललेलं मी बाहेर सांगणार नाही. मात्र काही गोष्टी अशा आहेत की त्या मला सांगाव्याच लागतील.” आणि त्या गोष्टी आधीच नीट समजावते. तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल तर मी गप्प बसणार नाही. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने मला कळवणं बंधनकारक आहे. अठराच्या आतल्या मुलांच्या उपचारांत पालकांना बाजूला ठेवता येत नाही, पण पालकांना काय सांगायचं आणि कसं सांगायचं हे आपण दोघं मिळून ठरवू. हे सगळं पहिल्या दहा मिनिटांत, म्हणजे मागाहून फसवणूक झाली असं वाटायला नको. मानसिक आरोग्यसेवेत गोपनीयता हा माणसाचा हक्क आहे असं २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदाही सांगतो, आणि अपवाद कुठले तेही सांगतो. मुख्याध्यापकांचं कुतूहल हा अपवाद त्या यादीत मला सापडला नाही.

शुक्रवारचा रिपोर्ट सुरू झाला की काय होतं, ते मी एका शाळेत डोळ्यांनी बघितलंय. एका मुलाने समुपदेशक बाईंना सांगितलं की तो सिगारेट ओढायला लागलाय आणि त्याला सोडायची आहे. सोडायची आहे, हे लक्षात घ्या! सोमवारी ते स्टाफरूममध्ये, मंगळवारी वर्गात. बुधवारपासून त्या खोलीत एकही मूल स्वतःहून गेलं नाही. मुलांची बातमी आपल्यापेक्षा वेगाने पळते. ती खोली म्हणजे पकडलं जायची जागा, हे सगळ्या शाळेला कळलं. पद भरलेलं, पगार चालू, रजिस्टर भरलेलं. ज्याने रात्री गच्चीकडे बघितलं असेल तो मुलगा मात्र त्या दारात कधीच जाणार नाही. हेच माझं सगळ्यात मोठं भांडण आहे. वाईट समुपदेशक हा समुपदेशक नसण्यापेक्षा जास्त धोक्याचा, कारण तो एकदा उघडलेलं दार कायमचं बंद करतो.

आता आक्षेप घेऊ. मला हे नेहमी ऐकावे लागतात, आणि सगळे काही फालतू नाहीत.

एक. “असं गोंजारत बसलात तर पोरं शेफारतील.” विनाअट स्वीकार म्हणजे प्रत्येक वागण्याला होकार नाही. वर्गातल्या मुलाला मारून आलेला मुलगा माझ्यासमोर बसतो, तेव्हा मारणं चूक आहे हे मी लपवत नाही. पण ‘तू वाया गेलेला’ हा शिक्का घेऊन त्याच्याशी बोलत नाही. शिक्का मारल्यावर तो स्वतःचा बचाव करण्यातच सगळी ताकद घालवतो, आपण केलं काय याकडे बघायला त्याच्याकडे उरतं काय? शिक्षा द्यायची तर शाळेने द्यावी, तिचा तो अधिकार आहे. मात्र त्या कामासाठी माझी खुर्ची वापरू नये.

दोन. “हे सगळं अमेरिकेचं खूळ. आपल्याकडे गुरू सांगतो, शिष्य ऐकतो.” खरंच? आपल्या आज्या-पणज्या पहाटे जात्यावर बसून काय करत होत्या? सासरचा जाच, माहेरची ओढ, गेलेलं लेकरू, सगळं ओवीत घालून जात्याला सांगत होत्या. जातं मध्येच थांबवून म्हणालं नाही, की बाई तू जरा अ‍ॅडजस्ट कर. ऐकून घेणाऱ्याची गरज आपल्याकडे जुनीच आहे. घरातल्या माणसांपैकी ऐकणारं कुणी नव्हतं, म्हणून बायकांना दगड जवळचा वाटला. हे काही आपल्या संस्कृतीचं भूषण म्हणून मिरवायला नको.

तीन, आणि हा आक्षेप मला खरा वाटतो. “लोक उत्तर मागायला येतात, तुम्ही त्यांनाच प्रश्न परत करता.” होय, आमच्यातले काही जण असे पोपट असतात. समोरचा म्हणतो मला भीती वाटते, हे म्हणतात तुम्हाला भीती वाटतेय तर. माणूस वैतागणार नाही तर काय! नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला कायदा काय सांगतो, संरक्षण अधिकारी कोण, हे मी सरळ सांगते. तिथे ‘तुम्हाला काय वाटतं’ करत बसणं हा क्रूरपणा आहे. माहिती द्यायचीच. मात्र घर सोडायचं की नाही, कधी सोडायचं, हा निर्णय तिचा. कारण रात्री त्या घरात मी नसते, ती असते. विवेकनिष्ठ उपचारपद्धती, सीबीटी, हेही मी वापरते. पद्धत कुठलीही घ्या, समोरच्याचा विश्वास नसेल तर सगळी तंत्रं वहीत राहतात.

चार. “आणि खरंच जीव द्यायला निघालेला असेल तर?” तर मी स्पष्ट शब्दांत विचारते, “जीव द्यायचे विचार येतात का? काही ठरवलंयस का?” असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार घातला जातो हा गैरसमज आहे. उलट अनेकांना पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटतं. मग घरच्यांना बोलावणं, मानसोपचारतज्ज्ञांकडे नेणं, गोळ्या लागल्या तर गोळ्या, हे सगळं त्याच दिवशी. माया म्हणजे मवाळपणा नव्हे. मी डॉक्टर नाही आणि जिथे माझी हद्द संपते तिथे हात वर करणं हासुद्धा त्या सच्चेपणाचाच भाग आहे.

इथपर्यंत शाळांना आणि पालकांना बोलले. आता आमच्याच लोकांना चार शब्द, नाहीतर ही पोस्ट एकतर्फी होईल.

शनिवार-रविवारचा ऑनलाइन कोर्स करून सोमवारी ‘कौन्सेलर व लाइफ कोच’ अशी पाटी लावणारे माझ्याच गावात आहेत. २०२१ साली सहयोगी आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, त्यात मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशकही येतात. कागदावर छान आहे. मी स्वतःची पाटी लावली तेव्हा मला कुणी काही विचारलं नव्हतं, आणि परवा समोरच्या गल्लीत लागली त्याला कुणी विचारलं असेल असं वाटत नाही. आपल्या केसेस तिखटमीठ लावून फेसबुकवर टाकणारे आहेत. रडणाऱ्या क्लायंटचा आवाज रीलमध्ये वापरणारेही बघितलेत मी. आपल्या कामावर कुणा ज्येष्ठाची नजर असावी, महिन्यातून दोनदा तरी आपलं काय चुकतंय ते त्यांच्यासमोर मांडावं, हे आमच्यात किती जण करतात? मी त्या मुलीनंतर सुरू केलं. आधी केलं असतं तर ती चाळीस मिनिटं कदाचित वेगळी गेली असती.

दुसरीकडे, ‘तुमचं काम सेवेचं आहे हो’ असं म्हणून तासिकेचे पैसे चार-चार महिने थकवणारेही आहेत. करुणा ही काही टाकीत भरून ठेवलेली वस्तू नाही, नळ सोडला की येते अशी. अकराशे मुलांमागे एक बाई, तीही तीन दिवस, मधल्या वेळात पर्यवेक्षण, वर पुढच्या महिन्याचे पैसे येतील की नाही याची काळजी. अशी बाई ऐकणार काय? ती समजावणारच. समजावणं झटपट होतं. त्या समुपदेशकाला दोष देण्याआधी तिला कुठल्या खोलीत बसवलंय ते बघा.

म्हणून माझं मागणं साधं आहे. संस्थांनी, आणि त्यांची तपासणी करणाऱ्यांनी, पद भरलं का एवढंच विचारू नये. पुढचंही विचारावं.

१. दार लावता येईल अशी खोली आहे का? मुख्याध्यापकांच्या केबिनसमोरून न जाता तिथे पोचता येतं का?

२. रिपोर्टमध्ये फक्त आकडे जातात की नावं? नावं जात असतील तर ते समुपदेशन नाही, पाळत आहे.

३. गोपनीयतेचे अपवाद लेखी आहेत का? मुलांना, पालकांना आणि शिक्षकांना ते माहीत आहेत का?

४. समुपदेशकाला शिस्तीचं, ऑफ तासाचं, पर्यवेक्षणाचं काम दिलं जातं का? जी बाई काल कॉपी पकडते तिला मूल आज मनातलं सांगणार नाही.

५. पगार नियमित आहे का? आणि तिच्या कामावर मार्गदर्शन करणारं कुणी ज्येष्ठ आहे का?

६. एका समुपदेशकामागे मुलं किती?

यातल्या पहिल्या चार गोष्टींना जवळपास शून्य खर्च येतो. त्यामुळे ‘निधी नाही’ हे उत्तर मला देऊ नका.

पालकांनो, तुमच्याकडेही एक मागणं आहे. मुलाला घेऊन याल तेव्हा ‘तो काय म्हणाला’ हे मला विचारू नका. घरी जाताना गाडीवर त्यालाही विचारू नका. वडापाव खायला घाला, गप्प राहा. त्याला वाटलं तर तोच सांगेल. आणि एखाद्या दिवशी तो बोलायला लागलाच, तर पहिली पाच मिनिटं ‘अरे पण’ म्हणू नका. मोबाइलवर वेळ लावून बघा हवं तर. पाच मिनिटं फार असतात, मला माहितीये.

कुणाला आत्ता, आजच रात्री बोलायची गरज असेल तर केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा आहे. नंबर १४४१६. चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलता येतं. स्वतःसाठी करा, दुसऱ्यासाठी करा, लाजू नका.

आणि साहेब, ही पोस्ट तुमच्यापर्यंत पोचेलच, आपलं गाव लहान आहे. हो, मी नुसतं ऐकायचे पैसे घेते. त्या एसटी स्टँडवरच्या मुलीचं मी तेव्हा ऐकलं असतं तर तिचं एक वर्ष वाचलं असतं, कदाचित तिच्या वडिलांशीही कुणी बोललं असतं. त्या दिवशी मी भरपूर बोलले होते, त्याचेही पैसे मला मिळाले होते. ते खरं तर परत करायला हवेत.

तुमचं पद अजून भरलेलं नाही असं कळलं. माझ्या अटी वर लिहिल्यात. दाराच्या कडीपासून सुरुवात करू.